सासूबाईंना आधी सांगा, मग केबिन ठरवा

वाचक भगिनीचं पत्र:

‘आम्ही यावल तालुक्यातले केळी बागायतदार. या डिसेंबरात आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतील, म्हणून पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाने आम्हाला क्रूझचं तिकीट काढून दिलं. मुंबई, गोवा, परत मुंबई, तीन रात्री. त्याला स्वतःला सुट्टी नाही. मी, हे, कॉलेजातली मुलगी आणि सासूबाई असे चौघं जाणार. सासूबाई शहात्तर वर्षांच्या. माळकरी, कांदा-लसूण चालत नाही, नऊवारी नेसतात, गुडघे दुखतात, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू आहेत. एजंटने चौघांना मिळून एकच बिनखिडकीची केबिन दिली, म्हणे स्वस्त पडते. सासूबाईंना अजून काहीच सांगितलेलं नाही, सरप्राइज द्यायचं ठरलंय. मला कन्नडच्या घाटातसुद्धा उलटी होते. त्यात मार्गशीर्षातली एकादशी नेमकी मधल्या दिवशी. दशम्या, चटण्या बांधून नेऊ का? जहाज परत येतं सकाळी आणि त्याच दिवशी दुपारची गाडी काढलेली आहे, ती मिळेल का? हे म्हणतात, तू उगाच काळजी करते. खरं सांगू? मला समुद्राची भीती नाही. तिथेही सगळ्यांचं करता करता माझे तीन दिवस संपून जातील, याची आहे.’

ताई,

तुमची काळजी उगाच नाही. तुम्ही विचारलेलं सगळं नेमकं आहे आणि ते विचारायची वेळही हीच आहे. बसने जाताना वाटेत एखादा धाबा आवडला नाही तर पुढच्या धाब्यावर थांबता येतं. जहाज धक्क्यावरून सुटलं की तीच केबिन, तेच जेवणघर आणि तेच वेळापत्रक. त्यामुळे जे काही बदलून घ्यायचं ते घरी बसूनच बदलून घ्यावं लागतं.

सगळ्यात आधी ते सरप्राइज सोडा. मुलाचं मन मोठं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण शहात्तर वर्षांच्या बाईला गाडीत बसवून मग सांगायचं की आपण समुद्रात तीन रात्री राहणार आहोत, हे मला पटत नाही. त्यांच्या गोळ्यांच्या वेळा, एकादशी, नेसणं, पहाटेची अंघोळ, देवपूजा या सगळ्याची तयारी त्यांनी स्वतः करायची असते, आणि ती त्या तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली करतील. आपल्याकडच्या पिढीने मोठं पाणी पाहिलं ते तापीचं, हतनूर धरणाचं, फार तर चांगदेवच्या संगमाचं. चारी बाजूंनी पाणी आणि काठ कुठेच नाही, हे ऐकून त्यांच्या मनात काय येईल ते त्यांना बोलू द्या. दिवाळीच्या फराळाला मुलगा घरी येईल तेव्हा त्यानेच आजीजवळ बसून मोबाइलवर जहाजाचे फोटो दाखवावेत. खोली कशी, बाथरूम कसं, जेवायला कुठे बसतात, सगळं. आणि त्या ‘मले नही येनं’ म्हणाल्या तर ते मनापासून ऐका. चार दिवस नणंदबाईंकडे राहून त्या जास्त सुखात असतील तर त्यात कुणाचा अपमान नाही. मला मात्र वाटतं, नीट विचारलं तर त्या हो म्हणतील. न विचारता कोणी कुठे घेऊन गेलं की म्हातारी माणसं रुसतात. विचारलं की निम्मी भीती तिथेच जाते.

आता केबिन. चौघांना एक बिनखिडकीची केबिन, हे मी घेऊ देणार नाही. एजंटचा हिशोब कागदावर बरोबर आहे. क्रूझचं भाडं माणशी असतं, ते एका केबिनमध्ये दोघं धरून ठरतं आणि तिसऱ्या-चौथ्याला बरंच कमी लागतं. पण ही खोली साधारण दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते, जुन्या जहाजांवर त्याहूनही लहान. तिसरा आणि चौथा माणूस झोपतो तो भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या बर्थवर, शिडी चढून. रेल्वेच्या वरच्या बर्थची सवय असलेल्या मुलीला ते जमेल. तुमचे यजमान रात्री दोनदा उठणारे असतील तर त्यांना नाही जमणार, तुम्हालाही नाही. आणि रात्री शिडी लावली की खाली पाय ठेवायला जागा राहत नाही. अंधारात सासूबाई बाथरूमला उठल्या तर पहिली ठोकर त्या शिडीची.

बिनखिडकीच्या केबिनमध्ये दिवा मालवला की इतका अंधार होतो की पहाट झाली की मध्यरात्र आहे ते कळत नाही. तरुणांना तिथे गाढ झोप लागते. उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेली, पहाटे चारला आपोआप जाग येणारी माणसं मात्र तिथे घाबरी होतात. उठून बसतात, कुठे आहोत ते आठवत नाही, दार कुठल्या बाजूला ते सापडत नाही. म्हणून सासूबाईंना खिडकी हवी. ती खिडकी उघडत नाही, काच पक्की बसवलेली असते, पण उजेड येतो आणि समुद्र दिसतो. तेवढं पुरतं. बाल्कनीवाली केबिन छानच असते, पण तिचे पैसे बरेच जास्त. खिसा आखडता घ्यायचा असेल तर मी बाल्कनी सोडेन, खिडकी सोडणार नाही.

तेव्हा दोन केबिन मागा. एक सासूबाई आणि नातीची, खिडकीची. दुसरी तुम्हा दोघांची, ती बिनखिडकीची असली तरी चालेल, फक्त शेजारी किंवा समोरासमोर हवी. पंचविसाव्या वर्षाची सहल आहे, नवरा-बायकोला स्वतःची खोली असावी हे मी वेगळं कशाला सांगू? दोन्ही केबिन जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर मागा. जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा टोकं जास्त वरखाली होतात, आणि डावी-उजवीकडे कलतं तेव्हा वरचे मजले जास्त झुकतात. मध्यावर, खाली, हालचाल सगळ्यात कमी. लिफ्ट जवळ हवी, सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी, पण लिफ्टला अगदी लागून नको. आणि वरच्या मजल्यावर काय आहे तेही विचारा. डोक्यावर स्विमिंग पूल, स्वयंपाकघर किंवा नाचगाण्याचा हॉल असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचा आणि रात्री ढोलाचा आवाज झोपू देत नाही. एजंट ‘गॅरंटी केबिन’ देऊ लागला तर नको म्हणा. त्यात केबिनचा प्रकार तेवढा ठरलेला असतो, नेमकी कुठली ते जहाजाची कंपनी नंतर ठरवते.

बाथरूमबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण म्हाताऱ्या माणसांची सहल तिथेच बिघडते. जागा इतकी लहान की दोन माणसं एकदम उभी राहत नाहीत. दाराशी चार-पाच बोटं उंच उंबरठा असतो, पहिल्या रात्री त्याला पाय अडखळतोच. सासूबाईंना उजेडात चार वेळा आत-बाहेर करायला लावा. बादली-पाट नाही, पडद्याआड शॉवर. पाणी पडद्याबाहेर गेलं की थेट खोलीच्या गालिच्यापर्यंत पोचतं. उभ्याने अंघोळ जमणार नसेल तर बसायला स्टूल मिळेल का ते आधीच विचारून ठेवा. संडासात जेट असेलच असं नाही, म्हणून प्लास्टिकचा एक छोटा तांब्या बॅगेत टाका. फ्लश हवेच्या दाबावर चालतो, झाकण लावूनच बटण दाबायचं, आवाज मोठा होतो. त्याला त्या दचकतील, आधी सांगून ठेवा. आत कागदाखेरीज काही टाकायचं नाही, नाहीतर आसपासच्या केबिनचेही संडास तुंबतात. नऊवारी लुगडं धुऊन वाळवायला जहाजावर जागाच नाही. शॉवरमध्ये एक बारीक दोरी असते, तिच्यावर पंचा वाळेल, लुगडं नाही. चार दिवसांची चार आणि एक जास्तीचं, असंच न्यायचं. केबिनच्या भिंती बहुतेक पत्र्याच्या असतात. चुंबकाचे हूक बाजारात मिळतात, ते पाच-सहा नेले तर पिशव्या, पंचे, चष्म्याची डबी टांगता येते. पलंगाजवळ सेलवर चालणारा छोटा दिवाही ठेवा.

इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेन्शन बोर्ड यातलं काही नेऊ नका, दारावरच काढून घेतात. तसंच निरांजन, उदबत्ती, कापूर. समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नसतं आणि प्रत्येक केबिनमध्ये धूर ओळखणारं यंत्र असतं. हे सासूबाईंना घरीच सांगा, तिथे गेटवर कोणी हातातून निरांजन काढून घेतलेलं त्यांना बरं वाटणार नाही. देवाचा छोटा फोटो, माळ आणि हरिपाठाची पोथी न्यायला काहीच हरकत नाही. पहाटे खिडकीशी बसून त्या हरिपाठ म्हणतील. खिडकी हवी म्हणाले ती यासाठीसुद्धा.

जेवणाचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही, पण बुफेवर विसंबू नका. आपल्याकडून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवण असतंच. जैन मागितलं की कांदा-लसूण आपोआप टळतो. बुफेत शाकाहारी आणि सामिष भांडी वेगळी मांडलेली असली तरी गर्दीत कोणीतरी इकडचा डाव तिकडे घालतो. माळकरी माणसाने एकदा ते पाहिलं की पुढचे दोन दिवस ते दूध-केळ्यावर काढतं. शिवाय हातात ताट, पायाखाली किंचित हलणारी जमीन, दुखरे गुडघे. त्यापेक्षा टेबलावर आणून वाढतात त्या जेवणघरात बसा. तिथे बहुधा जेवणाच्या दोन पंगती असतात, एक लवकरची, एक उशिराची. लवकरची घ्या. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या मुख्य वाढप्याला बोलावून सांगा की आजींना कांदा-लसूण चालत नाही, मांसाहाराचा डाव लागलेला चालत नाही, तिखट चालतं. ही मंडळी लक्षात ठेवतात. ठरलेलं टेबल असेल तर तोच माणूस रोज वाढायला असतो आणि दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून ताक आणून ठेवतो.

शेवभाजी, भरीत, कळण्याची भाकरी यांची आठवण तिसऱ्या दिवशी येणारच, येऊ द्या. घरी शिजवलेलं अन्न जहाजावर बहुधा नेऊ देत नाहीत. दुकानातलं बंद पाकीट, म्हणजे केळीचे वेफर्स, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, साधारण चालतं, पण कंपनीचा नियम एजंटकडून लेखी मागवून घ्या. दशम्या आणि ठेचा जरूर करा, पण जातानाच्या गाडीसाठी. टर्मिनलच्या दारात डबा रिकामा झालेला असावा.

एकादशीचं लगेच कळवा, जहाजावर पोचल्यावर नको. बुकिंगमध्ये जेवणाबद्दल विशेष विनंती नोंदवता येते. साबुदाणा-भगर मिळेलच या भरवशावर राहू नका. फळं, दूध, दही नक्की मिळतं. उकडलेला बटाटाही मिळतो, पण तो नेहमीच्या शाकाहारी स्वयंपाकातून मागावा लागतो, कारण जैन ताटात बटाटा येत नाही. फराळी चिवड्याचं बंद पाकीट जवळ ठेवा. आणि शुगरच्या गोळ्या उपासाला कशा घ्यायच्या, हे घरच्या डॉक्टरला निघण्यापूर्वी विचारा. दुसऱ्या दिवशी बारस सोडायला सकाळचा नाश्ता वेळेवर असतो, ती चिंता नको.

पिण्याच्या पाण्याच्या बाटलीचे पैसे लागतात, जेवणघरातल्या पाण्याचे लागत नाहीत. जहाजावर रोख चालत नाही. खोलीचं जे कार्ड देतात त्याच्यावरच सगळं मांडलं जातं आणि शेवटी बिल येतं. त्यात सेवाशुल्क आणि करही असतो. मुलीच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालून घ्या, ती सोय असते. फोटोवाले, वेगळ्या पैशांची खास रेस्टॉरंट, स्पा, यांना सरळ नको म्हणा. तिथे वाचलेले पैसे दुसऱ्या केबिनला लागले असं समजा. एक आणखी, जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइल जहाजावरचं नेटवर्क पकडतो आणि त्याचे दर फार असतात. चौघांचे मोबाइल फ्लाइट मोडवर टाका.

आता तुमची उलटी. कन्नडच्या घाटात होते ती आणि जहाजावरची, कारण एकच. कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, डोळ्यांना दिसतं की समोरची भिंत स्थिर आहे, आणि त्या गोंधळाने मळमळतं. म्हणून मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये आडवं पडून राहू नका. मधल्या मजल्यावरच्या उघड्या डेकवर या आणि दूर, जिथे पाणी आणि आभाळ मिळतं त्या रेघेकडे बघा. पोट अगदी रिकामंही नको आणि तुडुंबही नको. आल्याचा तुकडा, कोरडा खाकरा. मोबाइल बंद. अव्होमिनसारखी गोळी उलटी सुरू व्हायच्या आधी घेतली तरच उपयोग, आणि तिने झोप येते. तुम्ही घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. सासूबाईंना तर बीपीच्या गोळ्यांमुळे विचारल्याशिवाय मुळीच देऊ नका. धीर देणारी गोष्ट अशी की अशा जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंख असतात, ते कलणं बरंच कमी करतात. शिवाय पावसाळा सरल्यावर डिसेंबरात आपल्या किनाऱ्यालगतचा अरबी समुद्र बहुधा शांत असतो. घाटातल्यासारखे हिसके तिथे बसत नाहीत. बंगईवर बसलेल्याला कोणी हळूच झोका द्यावा तेवढंच जाणवतं.

चढण्याच्या दिवशीची घाई टाळण्यासाठी आदल्या दिवशीच मुंबईला पोचा. त्या दिवशी सकाळी पोचणारी गाडी घेतली आणि ती कसाऱ्याला अडकली, तर जहाज कोणासाठी थांबत नाही. बॅलार्ड पिअरचं टर्मिनल सीएसएमटीहून टॅक्सीने जवळच आहे, पण तिकिटावर कुठलं टर्मिनल आणि कुठलं गेट लिहिलंय ते बघूनच टॅक्सीत बसा. मूळ आधार कार्डं, ऑनलाइन चेक-इनचे कागद आणि डॉक्टरांची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा आणि ती पिशवी यजमानांच्या खांद्यावर द्या. सासूबाईंसाठी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवा. ‘मी काय आजारी आहे का’ असं त्या म्हणतील. टर्मिनलवर रांगा लांब असतात, मग जहाजात चढायचा उतार असतो, नेसण सावरत तो चढताना गुडघ्यांची वाट लागते. मानाने बसून जाऊ द्या त्यांना.

जहाज सुटण्याआधी एक सुरक्षेची कवायत होते. सात छोटे भोंगे आणि एक लांब. खूप प्रवासी ती टाळायला बघतात, तुमच्यातल्या कोणालाही टाळू देऊ नका. 13 जानेवारी 2012 ला इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आदळून कललं आणि 32 माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत व्हायची राहिली होती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि 2015 पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं बंधनकारक झालं. केबिनच्या दाराच्या आतल्या बाजूला आपली जमायची जागा लिहिलेली असते. आजी आणि नात दोघींनी मिळून ती वाट एकदा चालून यावी. चालायला त्रास असलेल्यांची नोंद स्वागत काउंटरवर करता येते, म्हणजे वेळ आलीच तर मदतीला माणूस येतो. ती नोंद पहिल्याच दिवशी करा.

गोव्याबद्दल थोडंच. जहाज मुरगाव बंदराला लागतं. तिथून मंगेशी किंवा शांतादुर्गा बरंच आत, फोंड्याकडे आहे. सगळं गोवा बघायच्या नादी लागू नका. एकच देऊळ धरा आणि परत यायच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरावर या.

आता उतरणं, ज्याबद्दल तुम्ही शेवटी एक ओळ लिहिली आहे. खरी तारांबळ इथे होते. जहाज सकाळी धक्क्याला लागलं म्हणजे आपण सकाळी उतरलो असं होत नाही. दोर बांधतात, पूल लावतात, बंदराचे लोक वर येऊन कागद तपासतात, मग परवानगी मिळते. त्यानंतर प्रवासी गटागटाने उतरतात. आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये रंगीत पट्ट्या येतात. त्या मोठ्या बॅगांना बांधून बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली जातात आणि दुसऱ्या दिवशी टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे रांगेने मांडलेल्या मिळतात. सकाळी केबिन लवकर रिकामी करायला सांगतात आणि मग आपल्या रंगाचा पुकारा होईपर्यंत लाउंजमध्ये बसायचं. हे बसणं तास-दोन तास चालतं. सकाळची कोवळी उन्हं काचेतून आत येतात, समोर मुंबई दिसत असते आणि उतरता येत नाही. सगळ्यांची चिडचिड तेव्हाच होते.

अशाच एका सकाळी माझ्या शेजारी चोपड्याकडचं एक वयस्क जोडपं बसलं होतं. आजोबांच्या शुगरच्या गोळ्या रात्री दाराबाहेर ठेवलेल्या बॅगेत गेल्या होत्या. समोर नाश्ता होता आणि गोळीशिवाय खायचं की नाही हे दोघांना कळत नव्हतं. आजी प्रत्येक गणवेशवाल्याला बॅगेचा रंग सांगत फिरत होत्या. सगळे नम्रपणे एकच उत्तर देत होते, बॅग खाली धक्क्यावर गेली आहे. आजोबा हाताची घडी घालून गप्प बसले होते आणि थाळीतला उपमा गार होत होता. म्हणून सांगते, शेवटच्या रात्री एक हातपिशवी वेगळी करा. तिच्यात दोन वेळच्या गोळ्या, चष्मा, दाताची कवळी काढून ठेवत असतील तर तिची डबी, आधार कार्डं, मोबाइलचा चार्जर, सोनं-नाणं आणि प्रत्येकाचे उद्याचे कपडे चपलांसकट. सगळे कपडे बॅगेत गेल्याने रात्रीच्या कपड्यांत उतरावं लागलेली माणसंही मी पाहिली आहेत. बॅगा सगळ्यांच्या काळ्या-निळ्याच असतात. तुमच्या बॅगांच्या मुठीला खणाची एकेक लाल पट्टी बांधा, लांबून ओळखू येतील.

बिल आदल्या रात्रीच काउंटरवर जाऊन ओळ न ओळ बघा. सकाळी तिथे रांग असते आणि चूक असली तरी माणूस घाईने पैसे भरून मोकळा होतो. स्वतःचं सामान स्वतः उचलून नेणाऱ्यांना लवकर उतरू देतात, पण तुम्ही तो मार्ग घेऊ नका, सासूबाई आणि चार बॅगा एकदम जमणार नाहीत. व्हीलचेअरवाल्यांना बहुधा वेगळं उतरवतात, तेव्हा नात त्यांच्याबरोबर आणि तुम्ही दोघं बॅगांपाशी, अशी वाटणी आधीच करा. कुठे भेटायचं तेही ठरवा, हॉलमध्ये गर्दीत मोबाइल ऐकू येत नाही.

दुपारची गाडी बदला. कदाचित मिळेलही, पण घड्याळाकडे बघत उतरायचं म्हणजे शेवटच्या दिवसाचं मातेरं. संध्याकाळनंतर निघणारी विदर्भ एक्सप्रेस किंवा अमरावती एक्सप्रेस घ्या, दोन्ही जळगाव-भुसावळला थांबतात. बॅगा सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतात. तिथे कुलूप लावलेलीच बॅग घेतात, म्हणून कुलपं घरूनच न्या. सासूबाईंना दुपारभर कुठेतरी पाठ टेकायला जागा बघून ठेवा. उतरल्यावर एखादा दिवस जमीन डोलल्यासारखी वाटते, त्याला घाबरायचं नाही. मात्र त्यांना हाताला धरून चालवा.

आणि ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य. ते तुम्ही मला लिहिलंत, घरात कोणाला सांगितलं आहे का? वर मी जे काही लिहिलं, त्यातली कामं नीट वाटली तर तुमच्या वाट्याला फार थोडं उरतं. आजींच्या गोळ्या, जेवण आणि लिफ्ट नातीकडे. ती कॉलेजात जाते, तिला जमतं, आणि आजीलाही नातीचं ऐकायला आवडतं. कागद, बिल, बॅगा, गाडी यजमानांकडे. एजंटशी बोलणं मुलाकडे, त्यानेच बुकिंग केलंय. हे दिवाळीत सगळे एकत्र असताना मोठ्याने सांगा. तिथे गेल्यावर ‘आई, माझा टॉवेल कुठे’ सुरू झालं की तुम्ही उठणारच, तो पंचवीस वर्षांचा सराव आहे. जहाजावर स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, झाडझूड नाही, पाहुणा नाही, शेतावर डबा पाठवायचा नाही. तुमच्या हातांना इतकी सुट्टी लग्नानंतर बहुधा कधीच मिळाली नसेल. रोज दुपारी जेवण झाल्यावरचे दोन तास तुमचे. त्या वेळात तुम्ही डेकवर खुर्चीत बसलेल्या असाल आणि कोणी काही विचारायला यायचं नाही, हे सगळ्यांना कबूल असलं पाहिजे. यजमानांना संध्याकाळी यायला सांगा, सूर्य बुडायच्या सुमारास, दोघं मिळून चहा घ्यायला. हे मागताना अपराधी वाटून घेऊ नका. मुलाने तिकीट तुमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठीच काढलंय.

मुलाला आजच फोन करा. केबिन बदलणं, दोन केबिन शेजारी मिळणं, व्हीलचेअर, एकादशीची नोंद हे सगळं जितक्या लवकर कराल तितकं सोपं. डिसेंबर हा गर्दीचा महिना आहे आणि खिडकीच्या केबिन आधी जातात. दोन केबिन मिळतच नसतील तर पुढची तारीख मागा. रद्द करण्याचे आणि तारीख बदलण्याचे पैसे सुटायचा दिवस जवळ येईल तसे वाढत जातात, म्हणून ते कोष्टक एजंटकडून आधी मागवा आणि वाचूनच हो म्हणा. महिनाभर उशीर झाला तरी चालेल, चौघं एका बंद खोलीत नकोत.